टायरची डावी बाजू

४ ऑक्टोबर

दादाचा पुढचा टायर आज शाळेच्या फाटकासमोर फुटला. सायकल थांबत आली होती म्हणून निभावलं. मागे कॅरियरवर मुंगी होती. तिचा डबा पडला, झाकण निघालं, बाकी काही नाही. मुंगी म्हणजे दादाची नात. वय सात, बडबड सत्तर वर्षांच्या बाईची. तिची आई पहाटेच्या पाळीला जाते, म्हणून दादा रोज तिला सायकलवरून शाळेत सोडतो आणि मग दुकानात येतो.

ही वही एजंटनं दिली होती, नव्या टायरांची नोंद ठेवा म्हणून. उद्या कंपनीला दाखवायची वेळ आली तर वाचणाऱ्याला कळावं, म्हणून नीट सगळं लिहितो. दुकान एक, धंदे दोन. पुढे काचेच्या पेटीमागे दादा घड्याळं दुरुस्त करतो, मागच्या अर्ध्या भागात मी सायकली. एकोणीस वर्षं मी एकाच कंपनीचे टायर विकले. ऑगस्टात पहिल्यांदा नव्या कंपनीचे चाळीस आणले. दादा तेव्हाच म्हणाला होता, "चाललंय ते बरं चाललंय की." मी ऐकलं नाही. पहिली जोडी त्याच्याच सायकलला बसवली, हौसेनं.

टायर काढून पाहिला. मधली नक्षी अजून नव्यासारखी. पण डावी बाजू घासून घासून आतले दोरे उघडे पडलेले, आणि तिथूनच ट्यूब फोडासारखी बाहेर येऊन फुटली. माझ्या हातून हजारो टायर गेले असतील. दोन महिन्यांत बाजू जाते म्हणजे रबरच कच्चं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत दादा म्हणाला, "मी म्हटलं होतं." एवढंच. तो ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं. तासाभरात त्याच कंपनीचे दोन नवे टायर, पुढचा आणि मागचा, चढवून सायकल तयार करून दिली.

५ ऑक्टोबर

चैन पडेना. सकाळीच निघालो आणि ज्यांना ज्यांना ते टायर विकले त्यांच्या दारी जाऊन चाकं फिरवून पाहिली. पोस्टमनचा टायर दादाच्या तिप्पट पळालाय. मधोमध सारखा झिजलाय, दोन्ही बाजू कोऱ्या. शिकवणीच्या बाईंचा उत्तम. दूधवाल्याच्या सायकलवर दोन कॅन असतात, तरी उत्तम. एकूण सतरा विकले, बारा पाहिले, बाराही ठणठणीत.

पोस्टमन म्हणाला, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? माणसं चाकं गेल्यावर येतात, तुम्ही आधीच आलात."

म्हणजे दादाच्या वाट्यालाच तेवढा एक वाईट निघाला. माझं नशीबच असं. चाळिसातला एक सडका, तो बरोबर थोरल्या भावाच्या चाकात.

८ ऑक्टोबर

दुपारी वहिनी स्वतः चहा घेऊन दुकानात आल्या. एरवी हाक मारतात, मी वर जातो. (माझं लग्नाचं राहूनच गेलं. जेवण, चहा, बोलणी सगळं वहिनींच्याच हातचं.) दादा बँकेच्या भिंतीवरचं घड्याळ लावायला गेला होता. वहिनी थोडा वेळ सायकलींकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, त्यांची सायकल इतक्या घाईनं नका हो दुरुस्त करत जाऊ. राहू दे आठ दिवस पडून."

मी म्हटलं, "का? माझ्या कामावर भरवसा नाही?"

"तसं नाही. पायी जातील थोडे दिवस. चालणं चांगलं असतं."

"वहिनी, टायर माझा फुटला. मी जबाबदारी घेतो. असा बसवून देईन की दहा वर्षं बघायला नको."

त्या कप उचलून गेल्या. आता वहिनींनाही वाटायला लागलं की माझ्या हाताला यश राहिलं नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली. संध्याकाळी दादाची दोन्ही चाकं खोलली आणि टायरच्या आतून डाव्या बाजूला जुन्या टायरची पट्टी लावली. बघू आता कसा फुटतो.

११ ऑक्टोबर

नव्या टायरच्या डाव्या बाजूला पुन्हा ओरखडे. सात दिवसांत. पुढेही आणि मागेही.

आज दुसरं काही कामच केलं नाही. ब्रेकचं रबर टायरला लागतंय का पाहिलं. नाही. मडगार्डची सळई वाकून घासते का? नाही. रिम फिरवून पाहिली, केसाएवढीही डगमग नाही. मग डोकं चालवलं. दोन्ही टायर उलटे करून बसवले, डावी बाजू उजवीकडे. रबर कच्चं असेल तर तीच बाजू पुन्हा झिजेल. असली युक्ती दादाला सुचली नसती, तो आपला भिंगातून काटे बघत बसतो.

हल्ली त्याचा थाटही वाढलाय. रात्रीच्या जेवणात आमटीची वाटी डाव्या हाताला होती, तर वहिनींनी उठून मुकाट्यानं उजवीकडे ठेवली. पाण्याचा तांब्या उजवीकडे, मीठ उजवीकडे. मी म्हटलं, "दादा, राजवाड्यात आल्यासारखं वाटतंय." कुणीच हसलं नाही.

१५ ऑक्टोबर

टायर निर्दोष आहे. जी बाजू आता डावीकडे आली, ती चार दिवसांत खरवडली. जी उजवीकडे गेली, तिला आणखी एक रेघसुद्धा नाही. म्हणजे दोष रबराचा नाहीच. इतकं बरं वाटलं की शेजारच्या शिंप्याला जाऊन सांगून आलो. तो म्हणाला, "मग दोष कशाचा?" मी म्हटलं, "सायकलीचा सांगाडा वाकला असणार." जुनी सायकल आहे, भार एका बाजूला जात असेल.

खात्री करायला अदलाबदल केली. माझी सायकल दादाला दिली, तिला जुन्या कंपनीचेच टायर आहेत. त्याची मी घेतली. दादानं विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "प्रयोग आहे." त्यानं खांदे उडवले. मुंगीला मात्र माझी सायकल आवडली नाही. म्हणे, "कॅरियर बारीक आहे, मला नीट बघता येत नाही." हिला मागे बसून काय बघायचंय कुणास ठाऊक.

१८ ऑक्टोबर

त्याची सायकल तीन दिवस मी चालवली, त्याच रस्त्यानं, शाळेपर्यंत आणि परत. टायरला नवा ओरखडा नाही. माझी त्यानं चालवली, तिची डावी बाजू घासली. डाव्या पेडलचं टोकही झिजलंय.

म्हणजे रबर नाही, सांगाडा नाही. चालवणारा. चाळीस वर्षं सायकल चालवणारा माणूस फुटपाथच्या कडेला घासत जातो, काय म्हणावं याला? मी सरळ विचारलं, "दादा, तू कडेला चिकटून चालवतोस का?"

तो भिंग डोळ्याला लावून बसला होता. मान वर केली नाही. "माल वाईट आणायचा आणि रस्त्याला नावं ठेवायची. नाचता येईना अंगण वाकडं."

शिकवणीच्या बाई समोर उभ्या होत्या. त्यांना मागचा टायर हवा होता. त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे आधीचा आहे का हो? तोच द्या." मी मुकाट्यानं आधीचा काढून दिला.

दादाचा मला राग येतो तेव्हा मला आठवतं की आई गेल्यावर माझी वेणीफणी सोडून सगळं त्यानंच केलंय. मग राग धड येतही नाही आणि जातही नाही. 

२० ऑक्टोबर

हात टेकले. एजंटला बोलावून उरलेले टायर परत दिले. बिचारा प्रत्येक टायर वाकवून दाखवत होता, "साहेब, यात काय खोट आहे ते तरी सांगा." मला सांगता येईना. "गिऱ्हाईक नको म्हणतं," एवढंच म्हणालो. दोन महिन्यांपूर्वी मीच त्याला सांगत होतो की गावात माझा शब्द चालतो.

तो गेल्यावर दादा आपली जागा सोडून मागे माझ्याकडे आला. असं तो वर्षातून एखाद्या वेळी करतो. "जाऊ दे रे. होतं असं," म्हणाला. खांद्यावर हात ठेवायला गेला तो आधी हवेतच पडला, मग खांदा सापडला. त्याचेही हात थरथरत असावेत. दिवसभर फार गोड वागला. चहासुद्धा त्यानंच सांगितला, आणि ओतताना निम्मा बशीबाहेर सांडला. मला उगाच भरून आलं. एवढं मनाला लावून घेतलंय त्यानं माझं.

२५ ऑक्टोबर

त्याच्या सायकलला जुन्या कंपनीचे टायर चढवून पाच दिवस झाले. डाव्या बाजूला ओरखडे.

टायर तर परत गेले. आता हे कुणाला सांगू? दुपारी दुकान तसंच टाकून शाळेच्या रस्त्यानं पायी निघालो. फुटपाथच्या दगडी कडेवर काळ्या रेघा आहेत. रबराच्या. मी रबर ओळखतो. एक गिरणीच्या वळणावर, दोन दवाखान्यापाशी, एक पुलाच्या तोंडाशी. पुलाच्या अलीकडे विजेचा खांब आहे. त्याच्यावर कमरेच्या उंचीला लाल रंग घासलेला. दादाच्या हॅन्डलच्या मुठीला मीच लाल रबर घातलंय. त्या जागी रस्ता अरुंद, आणि उजवीकडून मालाचे ट्रक जातात.

खांबाला मूठ लागते, म्हणजे वितीभराचं अंतरही राहत नाही. आणि मागे मुंगी. मी तिथेच उभा राहिलो.  उद्या त्यांच्या मागून जाऊन स्वतः बघणार. चालवता चालवता त्याला झोप लागते की काय कोण जाणे, या वयात घोड्यासारखा उभ्यानं झोपत असेल, नेम नाही.

२६ ऑक्टोबर

आजच लिहायला हवं.

सकाळी माझ्या सायकलवरून दहा-पंधरा हात अंतर ठेवून त्यांच्या मागे निघालो. दादा एरवीसारखाच ताठ बसलेला. मुंगी कॅरियरवर डावीकडे पाय सोडून. तिचं तोंड चालू होतं, पण गप्पा नव्हत्या. "खांब." "बाई चाललीये." "कुत्रं, बसलंय." "दगड." आणि प्रत्येक शब्दाबरोबर दादाच्या पाठीवर डाव्या अंगाला चापट. चापट बसली की दादा सायकल थोडी उजवीकडे घ्यायचा. मला वाटलं, खेळ आहे. हसूसुद्धा आलं. म्हटलं, असा खेळ खेळत चालवल्यावर टायर घासणारच.

गिरणीच्या वळणावर मुंगीनं मागे पाहिलं. मी दिसलो. "छोटे आजोबा!" म्हणून ती अख्खी वळून हात हलवायला लागली. पुढे डाव्या कडेला सामान उतरवायला एक हातगाडी उभी होती, भली मोठी, गोण्यांनी भरलेली. आंधळ्यालाही तिचा वास आला असता. दादा सरळ तिच्यावर गेला. ब्रेक दाबला नाही, हॅन्डल वळवलं नाही, काहीच नाही. मूठ गाडीच्या दांडीला अडकली आणि दोघं उजवीकडे रस्त्यात पडली. मागून टेम्पो येत होता. त्यानं ब्रेक मारला. मी जाऊन पाहिलं तेव्हा त्याचं चाक आणि मुंगीचं दप्तर यांच्यात माझी एक चप्पल मावली असती.

मुंगीची हनुवटी फुटली, कोपर सोललं. मी उचललं तर ती स्वतःला लागलं म्हणून रडत नव्हती. "माझी चूक. मी बघितलंच नाही. छोटे आजोबा, माझी चूक."

"तुझी कसली चूक गं?"

"डावीकडचं माझं आहे. उजवीकडचं आजोबांचं."

दादा गुडघ्यावर बसून रस्ता चाचपत होता. चष्मा शोधत असेल म्हणून मी पाहिलं, तर चष्मा त्याच्या डाव्या हातापासून वितीवर उघडा पडला होता. मी बराच वेळ त्या चष्म्याकडे बघत राहिलो. मग टेम्पोवाल्यानं तो उचलून त्याच्या हातात दिला.

मी टायरवाला. तीन आठवडे टायर उलटेपालटे करत बसलो. सात वर्षांच्या पोरीला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं.

२७ ऑक्टोबर

मुंगीला तीन टाके पडलेत. आज ती घरी आहे.

दुकान उघडलं आणि दार आतून पुन्हा लोटून घेतलं. दादा भिंग पुसत होता. मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. "दादा, उजवा डोळा मीट."

"काय पोरखेळ आहे?"

"मीट."

त्यानं मिटला. मी पेटीच्या काचेवर हात ठेवून गप्प उभा. भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती.

"काय दिसतं?"

"उजेड आहे," तो म्हणाला. "तू त्यात कुठेतरी असशील."

भिंग नेहमी उजव्या डोळ्याला. कामात डावा लागतच नाही. म्हणून गिऱ्हाइकांना कळलं नाही, मला कळलं नाही. मी विचारलं, "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

मी मोजलं. टायर ऑगस्टातले. "म्हणजे टायर आणले तेव्हा तुला..."

"टायर चांगले होते," दादा म्हणाला.

मग मी जे बोललो ते इथे लिहिणार नाही. एजंटसमोर मान खाली घातली ते बोललो, शिकवणीच्या बाईंचं बोललो, अंगण वाकडं बोललो. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मी आंधळा होतोय हे कळलं असतं तर कुणी घड्याळ दिलं असतं का माझ्या हातात? तुझं काय, तू दुसरे टायर आणशील."

"आणि मुंगी? तीही दुसरी आणायची?"

 तो भिंग हातात फिरवत बसला, मग ते खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दादाला रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि जवळ घ्यावंसंही. दोन्ही केलं नाही. नुसता उभा राहिलो.

वर गेलो. वहिनी मुंगीचे केस विंचरत होत्या. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"मला शपथ घातली होती त्यांनी, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तरी तुमच्याकडे आले होते, भावजी. सायकल ठेवून घ्या म्हणाले होते." त्यांनी कंगवा खाली ठेवला. "तुम्ही त्याच दिवशी आणखी पक्की करून दिलीत."

मी खाली आलो. दादाच्या सायकलीची दोन्ही चाकं काढली, आरे सोडवले, रिमा वेगळ्या केल्या. मला जोडता येणार नाही असं नाही, पण जोडायला दिवस लागेल, आणि तो दिवस मी कधीच काढणार नाही.

२९ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. पायीच गेलो. दादा सारखा माझ्या उजव्या बाजूला यायचा आणि मी दर वेळी फिरून त्याच्या डावीकडे जायचो. दोनदा वैतागला. तिसऱ्यांदा कोपर धरलं आणि सोडलं नाही.

काचबिंदू. डावा गेला, तो परत येणार नाही. उजव्याचीही आतली, नाकाकडची कड जायला लागली आहे, पण रोज थेंब घातले तर आहे तेवढा राहील. घड्याळं करता येतील, असं डॉक्टर म्हणाले. सायकल नाही. मग त्यांनी लिहिता लिहिता सांगितलं, "थोडे आधी आला असतात तर डाव्यातलंही काही वाचवता आलं असतं." मी खुर्चीची कड धरून बसलो होतो.

डॉक्टरांनी विचारलं, "यात दुखत नाही, म्हणून लोकांना कळत नाही. तुमच्या लक्षात कसं आलं?"

"माझा भाऊ टायरवाला आहे," दादा म्हणाला. "टायर एका बाजूनं झिजलेला पाहून यानं ओळखलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "टायर पाहून? कमाल आहे. कधी ओळखलं?"

मी तोंड उघडलं. दादानं माझा हात दाबला.

"परवाच," तो म्हणाला. "ओळखलं आणि लगेच घेऊन आला."

डॉक्टर माझ्याकडे बघून कौतुकानं हसले.  बाहेर आलो, औषधाच्या रांगेत उभे राहिलो. पुढे सात-आठ माणसं होती. मला राहवेना. म्हटलं, "दादा, कशाला खोटं बोललास? तो टायर हातात असूनही मला तीन आठवडे लागले."

दादा समोर बघत होता. म्हणाला, "डोळा माझा स्वतःचा होता. मला पाच महिने लागले."

मग रांग पुढे सरकली, आणि मी त्याला पुढे घेतलं.